रविवारच्या कर्लिंग सरावाबद्दल

मंडळी, रविवारी सकाळी १० वाजता रत्नागिरीतल्या नेहमीच्या हॉलमध्ये सराव आहे. नवीन येणाऱ्यांसाठी: कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत आखलेल्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ; पण आपल्याला बर्फ लागत नाही. आपल्या दगडांना (नावालाच दगड!) खाली बेअरिंगच्या गोळ्या आहेत, ते लादीवर घरंगळतात. हातात जोर कमी असेल तर उतरत्या पट्टीवरून नुसता सोडायचा. व्हीलचेअरचे ब्रेक मात्र आधी लावा. पॅरालिम्पिकमध्ये २००६ पासून व्हीलचेअर कर्लिंग आहे; तिथेही नेहमीच्या कर्लिंगसारखं दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढे बर्फावर झाडू मारत नाहीत, म्हणजे सुटला तो सुटला.

गेल्या खेपेला किनाऱ्यावरची वाळू बेअरिंगमध्ये गेली नि लाल दगड घरघरत भिंतीकडे वळला. तेव्हा चपला पायरीवर, चाकं पुसून आत. पावसाने लादी ओलसर होते, एकेक सुकं फडकं आणा.