गरम ड्रेसिंगचे सॅलड

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

बेकन घातलेले सॅलड कसे करायचे, असे तू विचारलेस. फोनवर सांगण्याऐवजी लिहून पाठवते, कारण त्यात सारे क्रमावर अवलंबून आहे.

पानझडीच्या दिवसांत मिळणारी केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), एंडाइव्ह किंवा रॅडिकिओची पाने जाड आणि बरीचशी कडवट असतात. गार तेल-व्हिनेगरने ती नरमत नाहीत, त्यांना गरम चरबी, आंबटपणा आणि मीठ यांची जोड हवी. दव गोठण्याइतकी थंडी पडून गेली की केलमधल्या काही स्टार्चची साखर होते, म्हणून त्यानंतरची पाने मला अधिक आवडतात. केलची मधली जाड शीर काढून पाने बारीक चीर आणि चिमूटभर मीठ लावून दोन-तीन मिनिटे चोळ. रंग गडद होऊन ढीग निम्म्यावर आला की थांब. पालक मात्र चोळू नकोस. पाने कोणतीही असोत, धुतल्यावर अगदी कोरडी कर, नाहीतर ड्रेसिंग त्यांना न धरता भांड्याच्या तळाशी जमते.

बेकन आणि पॅनचेटा हे दोन्ही सहसा डुकराच्या पोटाचे, मीठ लावून मुरवलेले मांस. बेकनला बहुधा धूर दिलेला असतो, पॅनचेटाला सहसा नाही. प्रोश्युत्तो मागच्या मांडीचे, महिनोन्‌महिने वाळवलेले असते. ते न शिजवता शेवटी वरून घालावे.

तिघांसाठी 100 ग्रॅम जाड बेकन पुरे. त्याचे तुकडे थंड पॅनमध्ये ठेवूनच मंद आच लाव. तापलेल्या पॅनमध्ये टाकलेस तर ते बाहेरून करपतात आणि चरबी आतच राहते. सुरुवातीचा तडतडाट पाण्याचा असतो. तो ओसरून बारीक फेस येऊ लागला आणि कडा सोनेरी झाल्या की तुकडे काढून घे. उरलेल्या चरबीपैकी दोन मोठे चमचे पॅनमध्ये ठेव (कमी पडल्यास ऑलिव्ह तेल घाल), त्यात छोटा कांदा बारीक चिरून परत, आच बंद कर आणि चमचाभर मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट) व एक मोठा चमचा व्हिनेगर घालून घोट. मस्टर्डमुळे चरबी आणि व्हिनेगर मिळून येतात. एरवी तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर घेतात, पण ही चरबी तोंडात रेंगाळते, म्हणून आंबटपणा थोडा चढाच ठेवावा. वेगळे मीठ चव पाहिल्याशिवाय घालू नकोस.

पोटभरीसाठी 200 अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजलेला लाल भोपळा, सफरचंदाच्या फोडी आणि भाजलेले अक्रोड घाल. फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या प्रसिद्ध सॅलडात फ्रिझेच्या कुरळ्या, कडवट पानांवर तळलेले मांस आणि कवच फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेले अंडे (पोच्ड एग) असते. त्याचा वाहता बलक ड्रेसिंगमध्ये मिसळतो, तेही करून पाहा.

मांस वाढवायचा मोह होईल, पण वाढवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आहे, आणि मला तुझ्या प्रकृतीची काळजी आहे. रोज नको, अधूनमधून कर. चवीला एवढे भरपूर होते.

ही चरबी गार होताच थिजते. त्यामुळे भांडे आधी गरम पाण्याने कोमट करून पुसून घे, सगळे जेवायला बसल्यावरच ड्रेसिंग पानांवर ओत आणि लगेच वाढ. पाने उरतील असे वाटले, तर तेवढी कोरडीच फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुरते ड्रेसिंग नव्याने कर.

तुझी,
आई