नागा वाटाघाटी: आधी मसुदा टेबलावर ठेवा

मा. संपादक यांस,

ईशान्येतली बातमी गोव्यात पोहोचते ती गोळी सुटली तरच. केंद्र सरकार आणि नागा सशस्त्र संघटना यांच्यातल्या वाटाघाटी संपल्याचे 31 ऑक्टोबर 2019 रोजी सांगण्यात आले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना करारच झाला असे वाटले. तो झालेला नाही. त्यानंतर भेटीगाठी झाल्या, केंद्राचे प्रतिनिधी बदलले, अंतिम करारावर सही मात्र कोणाचीच नाही. चालू आहे ती फक्त शस्त्रसंधी, 1 ऑगस्ट 1997 पासूनची.

स्वतंत्र ध्वज आणि स्वतंत्र राज्यघटना या संघटनेच्या दोन मागण्यांवर घोडे अडले, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. जम्मू-काश्मीरचा ध्वज आणि घटना 2019च्या ऑगस्टमध्ये इतिहासजमा झाल्यावर दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यात त्याच गोष्टी मान्य करणे दिल्लीला कठीण होते. पण खरी गाठ त्याआधीच पडली होती.

3 ऑगस्ट 2015 रोजी एनएससीएन (आयएम) ही प्रमुख नागा सशस्त्र संघटना आणि केंद्र यांच्यात आराखडा करार झाला. त्याचा मजकूर पाच वर्षे गुपित राहिला. संघटनेने तो 2020 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला आणि आरोप केला, की केंद्राच्या प्रतिनिधीने इतरांना दाखवलेल्या प्रतीत एक शब्द गाळला आहे: ‘नवे’. दोन्ही घटकांच्या शांततामय सहजीवनाचे ‘नवे नाते’, असे मूळ वाक्य. संघटना म्हणते, नवे म्हणजे भारतीय घटनेच्या चौकटीबाहेरचे. केंद्र म्हणते, चौकटीतलेच. एका विशेषणाचे दोन अर्थ सहीच्या दिवशीच लिहून घेतले असते, तर पुढची वर्षे वाया गेली नसती.

त्यात 17 नोव्हेंबर 2017 रोजी इतर नागा गटांच्या कार्यसमितीशी केंद्राने वेगळा कागद केला. ही समिती म्हणते, आता सही करा, ध्वज-घटनेचे नंतर बोलू. आयएम म्हणते, ते आधी. एकाच जमिनीची दोन साठेखते करावीत तसला हा प्रकार. शिलाँग करारात (11 नोव्हेंबर 1975) हेच घडले होते. नागा भूमिगतांच्या काही प्रतिनिधींनी घटना मान्य केली, शस्त्रे जमा करण्याचे कबूल केले. ज्यांना ते पटले नाही त्यांनी 1980 मध्ये एनएससीएन काढली. आजचा तिढा त्या अर्धवट सहीतून आला आहे.

तिसरी बाजू मणिपूरची, आणि तिला कोणी विचारतच नाही. 14 जून 2001 रोजी बँकॉकमध्ये शस्त्रसंधीला ‘प्रादेशिक मर्यादेविना’ हे शब्द जोडले गेले, म्हणजे ती नागालँडबाहेरही लागू; आपला नागावस्तीचा भाग तुटेल अशी मणिपूरला भीती वाटली. 18 जून म्हटले की आपल्याला मडगावची लोहियांची सभा आठवते. त्या वर्षी त्याच तारखेला इम्फाळमध्ये विधानसभा पेटली, 18 माणसे मेली. महिनाभराने ते शब्द मागे घ्यावे लागले. तेव्हापासून शस्त्रसंधी कागदावर नागालँडपुरती. संघटनेची माणसे मात्र मणिपुरातल्या उखरूलच्या डोंगरांतही आहेत.

नियम सांगतात, सशस्त्र माणसांनी ठरलेल्या छावणीत राहायचे, बाहेर गणवेश-बंदूक नाही, खंडणी नाही. प्रत्यक्षात हमरस्त्यावरचा ट्रक आणि नागालँडमधल्या दिमापूरचा दुकानदार एकाहून अधिक गटांना ‘कर’ भरतो. 2013 मध्ये तिथले नागरिक ‘एक सरकार, एक कर’ म्हणत रस्त्यावर आले ते उगीच नाही. उलट बाजूही पाहा: 4 डिसेंबर 2021 रोजी नागालँडमधल्या ओटिंगला कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांची गाडी अतिरेक्यांची समजून लष्कराने गोळ्या घातल्या, सहा जण जागीच गेले. खटल्याला केंद्राने परवानगी नाकारली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात फौजदारी कारवाई थांबली. सह्या लांबल्या की किंमत अशी मोजावी लागते.

मिझोराममध्ये जमले ते क्रम नीट लावल्यामुळे. 30 जून 1986 रोजी करार, मग शस्त्रे खाली, निवडून आलेले मुख्यमंत्री लालथनहॉला ऑगस्टमध्ये खुर्ची सोडून उपमुख्यमंत्री झाले आणि काल-परवापर्यंत भूमिगत असलेले लालडेंगा मुख्यमंत्री. 20 फेब्रुवारी 1987 रोजी राज्य झाले. आपले 30 मे रोजी, त्याच वर्षी. घटनेतल्या त्यांच्या 371-जी कलमात रूढी-परंपरा आणि जमिनीला संरक्षण मिळाले. आपल्या 371-आयमध्ये आमदारांची किमान संख्या तेवढी आहे, असो. नागालँडमध्ये खुर्ची सोडण्याचा प्रश्नही मोठा नसावा, कारण 2021 मध्ये तिथले सगळे पक्ष याच प्रश्नासाठी विरोधी बाक रिकामे ठेवून एकत्र आले होते.

तेव्हा बोलणी पुन्हा सुरू करताना पहिल्या बैठकीआधी 2015 आणि 2017चे दोन्ही कागद, सहीच्या प्रतींसह, संसदेत ठेवावेत. दोन्ही गट एका टेबलाशी यावेत. मणिपूर, आसाम, अरुणाचलचे प्रतिनिधी शेवटी नव्हे, सुरुवातीला बोलवावेत आणि राज्यांच्या सीमा बदलणार की नाही हे त्यांना तोंडी नव्हे, लेखी सांगावे. मणिपूर 3 मे 2023 पासून आधीच होरपळते आहे. तिथे अफवेला जागा ठेवणे परवडणारे नाही. शस्त्रसंधीच्या देखरेखीत व्यापारी आणि चर्चची माणसे हवीत, खंडणीची तक्रार घ्यायला.

गुप्तता राखली तर तोडगा निघतो, हे आम्हाला पटत नाही. गोव्याच्या 16 जानेवारी 1967च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारे 34,021 मतांनी हरले. आमच्यापैकी काहींच्या घरात ते अजून सलते. पण फुलावर (विलीनीकरण) शिक्का मारला तर काय आणि दोन पानांवर (वेगळे राहणे) मारला तर काय, हे मत देण्यापूर्वी प्रत्येक वाड्यावर ठाऊक होते. म्हणूनच निकाल पचला.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार आहेत. पक्ष बाजूला ठेवून तिघांनी येत्या अधिवेशनात एवढेच विचारावे: आराखडा कराराच्या मूळ प्रतीत ‘नवे’ हा शब्द आहे की नाही?

– फोंडा, डिचोली व म्हापसा येथील काही नागरिक