म्युझिक प्रॉडक्शनचा क्लास आणि घरचा लॅपटॉप

संपादक महोदय,

बारावीनंतर काय, या प्रश्नाला हल्ली ‘म्युझिक प्रॉडक्शन’ (संगणकावर गाणं रेकॉर्ड करून घडवणं) हेही एक उत्तर झालं आहे, म्हणून हे पत्र. माझ्या भाच्याने ठाण्यातल्या अशा एका क्लासची तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. शिकवणी सगळी लॉजिक प्रो या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर. ते ॲपलचं, विंडोजवर चालत नाही. घरी विंडोजचा जुना लॅपटॉप. म्हणजे क्लासमध्ये पेटी शिकायची आणि घरी रियाजाला सतार! विचारलं तर क्लासवाले म्हणाले, ‘‘मॅक (ॲपलचा संगणक) घ्या, सगळे स्टुडिओ हेच वापरतात.’’ हेही खरं नाही. मोठ्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा दबदबा आहे.

शेवटी भाच्याने रीपर नावाचं तसंच सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, मग घरगुती परवाना 60 डॉलरला.

मी कळव्याच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवते. त्याने पहिला रेकॉर्ड केला तो आमचाच अभंग. खिडकीला गादी लावली तरी लोकलचा भोंगा आत आलाच. पण खरा घोटाळा क्लासमधल्या पहिल्या धड्याने केला : आधी टेम्पो (लयीचा वेग) ठरवा, क्लिक (हेडफोनमध्ये ठेका देणारी टिकटिक) लावा, मग वाजवा. आमचा अभंग मिनिटाला 72 ठोक्यांवर उठतो आणि गजरापर्यंत शंभरी ओलांडतो. पखवाजवाल्या काकांनी दोन ओळींत हेडफोन काढला. ‘‘हा टिकटिक्या माझ्या मागे येणार, की मी त्याच्या?’’

क्लिक बंद केला, एका दमात वाजवलं. नंतर भाच्याने समेसमेवर टेम्पोच्या खुणा टाकून पडद्यावरच्या रेषा आमच्या मागे आणल्या. दोन संध्याकाळी गेल्या. लॉजिकमधलं स्मार्ट टेम्पो हे काम बरंचसं आपोआप करतं, क्यूबेस या सॉफ्टवेअरमध्येही सोय आहे, हे कबूल. एफएल स्टुडिओ हे आणखी एक सॉफ्टवेअर बीट रचायला झकास, आणि एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट. पण सलग वाजवणाऱ्याला ते पॅटर्नच्या (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) खोक्यांत कोंबायला बघतं. (यावर भाचा माझ्याशी भांडतो.)

सुरुवातीला माझाच सूर हेडफोनमध्ये मागून येत होता. मी सॉफ्टवेअरला नावं ठेवली. दोष निघाला बफरचा, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे जितके बारीक तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढे सोडतो त्या साठ्याचा. तो 1024 सॅम्पलवर होता. सेकंदाला 44,100 सॅम्पल या हिशेबाने एका फेरीतच 23 मिलिसेकंदांचा उशीर. 128 केल्यावर पेटी जागेवर आली. हे गणित सगळ्या सॉफ्टवेअरांत सारखंच. ते तीन महिन्यांत एकदाही फळ्यावर आलं नव्हतं.

क्लासवाल्यांनी जाहिरातीतच लिहावं : सॉफ्टवेअर कोणतं, संगणक कोणता लागेल, परवान्याचा खर्च फीमध्ये धरलाय का. आणि निघताना मुलांना त्यांचं काम प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या वेव्ह फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या आवाजाच्या फाइल) काढून द्यावं. लॉजिकचा प्रोजेक्ट रीपरमध्ये उघडत नाही, त्यामुळे भाच्याच्या तिन्ही चाली त्या क्लासच्या मॅकमध्येच पडून आहेत. त्या मागायला तो दोनदा जाऊन आला. ‘बघतो’ म्हणाले. अजून बघतायत.

— भजनी मंडळातली एक पेटीवाली, कळवा (जि. ठाणे)