पाडव्याच्या गाडीबद्दल आई-बाबांना

पुणे,
दि. ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा फोनवर गाडीचा विषय निघाला आणि बोलणे अर्धवट राहिले. बाबा, तुम्ही पाडव्याला विजेची गाडी दारात आणायचे जवळजवळ ठरवूनच बोलत होतात आणि आई मागून "करंटची गाडी नको" एवढेच म्हणत होती. अशा गोष्टींचा हिशेब फोनवर नीट मांडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. विजेची गाडी घ्यावी असे मलाही वाटते, पण तुम्ही सांगता त्या कारणासाठी नव्हे, आणि घरची दोन कामे उरकल्याशिवाय तर मुळीच नको.

तुमचे कारण पेट्रोलच्या बचतीचे आहे. बाजार, बँक, आईची पौर्णिमेची नृसिंहवाडी आणि अधूनमधून जोतिबा किंवा पन्हाळा धरून आपली गाडी महिन्याला साधारण ४०० किलोमीटर चालते, असे तुम्हीच सांगता. गावात ती लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपयांना मिळते असे धरले, तर महिन्याला २,८०० रुपये लागतात. विजेवरची छोटी गाडी एका युनिटमध्ये सातेक किलोमीटर जाते. चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते तीही मोजली, तर तेवढ्याच अंतराला ६५ युनिट लागतील. ही युनिटे आपल्या घरच्या वापरावर चढणार, म्हणजे महावितरणच्या १०१ ते ३०० युनिटांच्या महागड्या टप्प्यात पडणार, म्हणून वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) आणि वीज शुल्कासकट मी युनिट १४ रुपयांना धरले. तरी महिन्याचे ९१० रुपयेच होतात. म्हणजे वर्षाला जवळजवळ २३,००० रुपये वाचतात, आणि ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट या गोष्टीच नसल्यामुळे सर्व्हिसिंगमधले काही हजार वेगळे.

आता याची दुसरी बाजू पाहा. गेल्या २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीपासूनच ५ टक्के होता, त्यामुळे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली आणि विजेची जिथल्या तिथे राहिली. या दोहोंतला फरक दोन-सव्वादोन लाखांचा धरला, तर आपल्या वापरात तो भरून निघायला नऊ-दहा वर्षे जातील, आणि बॅटरीची हमी कंपन्या साधारण ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तेवढ्यापुरती देतात. रोज कागलच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाचे हेच पैसे चार वर्षांत सुटतात. त्याने बचतीसाठी विजेची गाडी घेतली तर शहाणपणाचे आहे. आपला प्रवास तेवढा नाही. निवृत्तिवेतनातून साठवलेले पैसे तुम्ही या हिशेबावर घालू नयेत, असे मला मनापासून वाटते.

माझ्या दृष्टीने खरे कारण तुमचा डावा गुडघा आहे. दिवाळीत मी तुमच्या शेजारी बसले होते. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरपासून दसरा चौकापर्यंतच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकत होती. क्लच सोडला की तुम्ही डावा पाय मॅटवर सरळ पसरत होतात आणि पुढची गाडी हलली की ओठ मिटून पुन्हा आखडून घेत होतात. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विचारले नाही, पण त्यानंतर तुमचे जोतिबाला जाणे कमी झाले आहे, हे आईच्या बोलण्यातून कळते. गाडी चालवणे तुमच्यासाठी नुसती सोय नाही. ते थांबले तर तुमचे माणसांत जाणे थांबेल, आणि आईची वाडीसुद्धा. त्यामुळे क्लच नसलेली गाडी तुम्हाला हवीच आहे, आणि तिच्यावर केलेला खर्च मी वाया गेला असे कधीही म्हणणार नाही.

मग पेट्रोलचीच ऑटोमॅटिक का नको, हा प्रश्न रास्त आहे. लहान गाड्यांत बहुतेक वेळा जी स्वस्त ऑटोमॅटिक मिळते, तिच्यात गिअर आणि क्लच असतातच, फक्त ते आपल्याऐवजी यंत्र चालवते. त्यामुळे संथ गर्दीत ती हिसके देते आणि चढावर थांबून पुन्हा निघताना काही गाड्या किंचित मागे येऊन मग पकड घेतात. जोतिबाच्या चढावर मागे गाड्यांची रांग असताना हे तुम्हाला रुचणार नाही. विजेच्या गाडीत बदलायचे गिअरच नसतात, आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. उतरताना तर तिचा खरा गुण दिसतो: ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की तीच मोटर उलट जनित्राचे काम करू लागते, गाडी आपोआप मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. चढताना खर्च झालेली सगळी काही परत मिळत नाही, पण घाटभर ब्रेकवर पाय दाबून बसावे लागत नाही. तरीही दोन्ही गाड्या जोतिबाच्या रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय शोरूममध्ये सही करू नका. शोरूमच्या आसपासच्या सपाट रस्त्यावरच्या फेरीत यातले काहीही कळत नाही.

एका गोष्टीची मात्र मला काळजी आहे आणि ती मोकळेपणाने लिहिते. तुमच्या पायांना इतक्या वर्षांची तीन पेडलची सवय आहे. विजेची गाडी सुरू आहे की बंद, हे आवाजावरून समजत नाही, आणि ॲक्सिलरेटरवर पाय जरा जास्त पडला तर ती झेप घेते. सुरुवातीला ती इको मोडवरच ठेवायची, आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे रहदारी नसताना सराव करायचा. त्यासाठी मी रजा काढून येईन आणि तुमचा हात बसेपर्यंत शेजारी बसेन. ही माझी अट समजा.

आई, आता तुझ्याशी बोलते. गाडी पेटेल ही तुझी भीती उगाच नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. शिवाय बॅटरी-बॅटरीत फरक असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची बॅटरी वजनाला जड असते, पण तापून भडकण्याचा धोका तिच्यात बराच कमी असतो आणि ती जास्त वर्षे टिकते. आपण घेऊ ती गाडी याच प्रकारच्या बॅटरीची असेल, एवढे मी पाहीन. पावसात शॉक बसेल म्हणतेस, तर चार्जरची गन गाडीत नीट बसून दोघांनी एकमेकांची तपासणी केल्याशिवाय त्यातून वीज वाहतच नाही. धोका असतो तो भिंतीतल्या जुन्या वायरिंगचा, आणि तिथेच मला खरी धास्ती वाटते.

पोर्चमधला तो प्लग आठवून पाहा, ज्यावर आपण गणपतीत दिव्यांच्या माळा लावतो. पाच अँपियरचा, एका बाजूने काळा पडलेला. त्याला रात्रभर तीन किलोवॅटचा चार्जर लावणे म्हणजे आईच्या भीतीला स्वतःहून आमंत्रण देणे आहे. मीटरपासून पोर्चपर्यंत स्वतंत्र जाड वायर, १६ अँपियरचे सॉकेट, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) बसवून घ्यायला हवा, आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने करायला हवा. अर्थिंग कच्चे असेल तर चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. घर बांधले तेव्हाचे अर्थिंग आज किती शिल्लक असेल, हे तुम्हीच ताडून पाहा. वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो, म्हणजे घराला एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे ते, तोही पाहा. तो कमी असेल तर गिझर आणि चार्जर एकाच वेळी चालवणे जड जाईल, तेव्हा भार वाढवून घेण्याचा अर्ज आधीच करावा. हे पहिले काम.

दुसरे काम पाण्याचे. पोर्चच्या खांबावर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा तुम्ही ऑइलपेंटने करून ठेवल्या आहेत, त्यातली वरची माझ्या खांद्याला लागते. विक्रेते सांगतात की बॅटरी आयपी ६७ दर्जाची आहे, आणि ते खरेही असते. पण त्या दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच आहे. शाहूपुरीत पंचगंगेचे पाणी आले की दिवसच्या दिवस हलत नाही. म्हणून सॉकेट आणि चार्जर वरच्या खुणेच्याही वर बसवायचे, आणि गाडीसाठी घरात एक नियम ठेवायचा: राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आले की गाडी पूर्ण चार्ज करून राजारामपुरीत मावशीकडे नेऊन लावायची. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही, कारण पाणी शिरायच्या आधीच महावितरणला सुरक्षेसाठी त्या भागातली वीज बंद करावी लागते, आणि तेव्हा बॅटरी रिकामी असेल तर हातात काही उरत नाही. समजा कधी गाडी बुडालीच, तर ती सुरू करून पाहायची नाही आणि हातही लावायचा नाही. कंपनीच्या माणसांनीच ती उचलून न्यायची. पेट्रोलची गाडीही पुरात सुखरूप नसते. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा शहरात पेट्रोलची कशी टंचाई झाली होती, हे तुम्ही पाहिले आहे. तरी पण नव्या गाडीसाठी आपल्याला जास्त जागरूक राहावे लागेल.

पुण्याला येण्याचे म्हणाल, तर गाडी आणूच नका. २४ युनिटच्या बॅटरीची छोटी गाडी प्रत्यक्षात १६०-१७० किलोमीटर जाईल आणि कोल्हापूर ते पुणे २३० आहे. कराड-साताऱ्याकडे थांबून फास्ट चार्जिंग करता येते, पण तिथे घरच्यापेक्षा वीज महाग पडते आणि गर्दी असली तर खोळंबा होतो. केवळ वर्षाकाठच्या या दोन-चार फेऱ्यांसाठी मोठ्या बॅटरीचे पैसे मोजणे मला पटत नाही. २०२४ पासून वंदे भारत सुरू झाली आहे, कोयना एक्स्प्रेस आहेच; स्टेशनवर न्यायला मी येईन. वाडी, पन्हाळा, गगनबावडा हे सगळे छोट्या बॅटरीत आरामात बसते.

जुन्या गाडीवर तुमचा जीव आहे, माझाही आहे. मी तिच्यावरच गाडी शिकले. पण ती २०१२ ची आहे. पुढच्या वर्षी १५ वर्षे पूर्ण झाली की आरटीओत फेरनोंदणी आणि फिटनेस आले. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि तिच्यातल्या रबरी नळ्या व सील त्या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. इथेनॉलचा पैसा आपल्या भागातल्या कारखान्यांमार्फत ऊस उत्पादकापर्यंत जातो, म्हणून पेट्रोल सोडताना तुम्हाला गावाशी बेइमानी केल्यासारखे वाटते, असे तुम्ही मागे म्हणाला होतात. ती भावना मला समजते आणि तिचा आदरही आहे. पण महिन्याच्या आपल्या २७ लिटरांवर कोणाचा गाळप हंगाम अडणार नाही, बाबा.

विजेची गाडी म्हणजे प्रदूषणच नाही, असे मी म्हणणार नाही. कोयनेची वीज असली तरी महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशावर होते. गच्ची रिकामी आहे, तेव्हा पुढे तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवता येतील. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि उन्हाच्या दिवसांत रोज बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती बरीच घटेल. हा खर्च गाडीबरोबर करू नका, एक वर्ष जाऊ द्या.

पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे हाताशी सव्वा महिना आहे. वायरिंग आणि अर्थिंग तेवढ्यात होईल; भारवाढीला वेळ लागला तर गाडी अक्षय्य तृतीयेला येईल, तोही मुहूर्तच आहे. बुकिंगची घाई करणाऱ्या विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगा. बाबा, या महिन्याच्या वीजबिलाचा आणि पोर्चमधल्या प्लगचा फोटो मला पाठवा. आई, चाचणीच्या फेरीला तूही मागच्या सीटवर बस आणि चढता-उतरताना तुला कसे वाटते ते मला स्वतः सांग. तुझे मत ऐकल्याशिवाय मी बाबांना होकार देणार नाही.

दोघांच्या तब्येतीला जपा. पुढच्या शनिवारी सकाळी फोन करते.

तुमची,
लेक