कर्ज द्या, पण हप्त्याचं काय?

संपादक साहेब,
कारखाना बंद पडला की कामगारांना छोटी कर्जं द्या, धंदा टाकू द्या असं सगळेच म्हणतात, चांगलंच आहे, गरिबांना छोटी कर्जं देणारी बांगलादेशची ग्रामीण बँक आणि तिचे संस्थापक मोहम्मद युनूस यांना २००६ चं शांततेचं नोबेल काय उगाच नाही मिळालं. पण ते मॉडेल आठवड्याच्या हप्त्याचं, आणि आयुष्यभर पगारावर जगलेल्या माणसाचा नवा धंदा पहिल्याच आठवड्यात पैसे कुठून देणार? १५ वर्षं नुसती कॉलर शिवणारी बाई मशीन घेईल हो, पण अख्खा शर्ट बेतायचा कसा, भाव काय सांगायचा, उधारी कशी वसूल करायची हे तिला कोणी शिकवलंय? मग हप्त्यासाठी दुसरं कर्ज, ते फेडायला तिसरं. निदान पहिले दोन-तीन महिने तरी हप्ता मागू नका.

– एक वाचक