तेरावं ताट

प्रिय बापू,

तुझा मेसेज वाचला. 'पेंटर, तुझी हिमगौरी नवी होऊन आली, घरी टीव्हीवर पाहिली, पोट्ट्यांना आवडली, तुझं काय म्हणणं?' आणि खाली हसणारं तोंड. माझं म्हणणं मोबाइलवर टाइप करायला बसलो तर अंगठा थकला, म्हणून पोरीच्या वहीतली ही पानं फाडली. सकाळी बोंब होईल. हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे आणि दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरायच्या आत नाटकाचे दोन पडदे रंगवून द्यायचे आहेत. तरी लिहायला बसलो. तूच खाज काढलीस, भोग आता.

पाहिली, डिस्नेची ती नवी 'स्नो व्हाइट'. दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा नुसती भांडायला. त्यांच्याच 1937 सालच्या जुन्या कार्टूनातल्या त्या सात बुटक्यांचे चेहरे आठव. चार रेघांत एकेकाचा स्वभाव उभा. चिडका चिडका दिसतो, झोपाळू झोपाळू दिसतो, शिंकणाऱ्याचं नाक शिंक यायच्या आधीच कळतं. आताचे बुटके कॉम्प्युटरवर केलेत. सुरकुती न् सुरकुती दिसते, आणि एवढं सगळं दिसून माणूस काही दिसत नाही. वरून तिचं नाव हिमगौरी काहून, तर म्हणे बर्फाच्या वादळात जन्मली. अरे, जर्मनीच्या ग्रिम भावांनी लिहिलेल्या मूळ गोष्टीत तिची आई खिडकीशी शिवत बसलेली असते, बोटाला सुई टोचते, रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडतात आणि तिच्या मनात येतं, अशी मुलगी व्हावी. एवढं रंगीत चित्र हाताशी असताना हवामान खात्याचं कारण कशाला?

हेच माझं दुखणं आहे बापू. गोष्ट बदलली म्हणून मी रडत नाही. आपली आजी दर खेपेला गोष्ट बदलायची. आटपाट नगर तेच, नावडती राणी तीच, पण कधी तिला गोठ्यात टाकायची, कधी वाड्यावर ठेवायची. पण 'राजाला ती नावडती काहून होती?' असं विचारलं तर आजी म्हणायची, 'नावडती होती म्हणून नावडती. हुंकार दे, नाही तर झोप.' हे नवे सिनेमेवाले त्या 'काहून'चं उत्तर देत सुटलेत. 2017 ची ती शापित राजपुत्राची गोष्ट घे, 'ब्यूटी अँड द बीस्ट'. त्यातल्या बेल नावाच्या पोरीची आई कुठं आहे, असं 1991 च्या चित्रपटात मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. नव्यात सांगतात, पॅरिसात प्लेगनं गेली. बरं. मग? त्या माहितीनं गुलाबाची एक पाकळी तरी वेगळी गळली का?

पण सगळ्यात जास्त लागलं ते शंभर वर्षं झोपणाऱ्या राजकन्येचं. ते तुला सांगायलाच पाहिजे, कारण त्यात तूही आहेस.

आठवते ना ती गणपतीची रात्र? आपण आठवीत. वर्गणी काढून वडसाहून व्हिडिओ आणला होता. रंगीत टीव्ही बंडीत तणसावर ठेवून, वर घोंगडं टाकून, जणू बाळंतीणच आणून राहिलो. शाळेच्या ओसरीवर लावला. पहिला हिंदी सिनेमा संपला, दुसऱ्याची कॅसेट मागं गुंडाळेना, म्हणून व्हिडिओवाल्यानं कुठून तरी एक इंग्रजी कार्टून लावून दिलं. भाषा कोणाला कळत नव्हती. म्हाताऱ्या 'बंद कर बे ते' म्हणून ओरडत होत्या. मी मात्र उठून पुढं गेलो, कारण मागची झाडं. खांबासारखी सरळ उभी झाडं, चौकोनी झुडपं, फांद्या सुरीनं कापल्यासारख्या, आणि त्यांच्यातून दरबारात ती काळी-जांभळी शिंगवाली बाई हिरव्या आगीतून उभी राहते. पाळण्याभोवतीचे लोक गोठून जातात. वीसेक मिनिटं चाललं असेल. मग दुसरी कॅसेट लागली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं काय झालं ते आपल्याला जवळजवळ चौदा वर्षं माहीत नव्हतं. शेतात बांधीच्या धुऱ्यावर बसून आपण किती शेवट रचले! तुझा शेवट अजून ध्यानात आहे: त्या बाईला बोलावणं गेलं नव्हतं ना, मग राजानं स्वतः जाऊन पाय धरावे, पंगतीत बसवावं, आग्रह करून वाढावं. ती जेवते, ढेकर देते आणि शाप परत घेते. मी म्हणालो, हा काय शेवट झाला? तू म्हणालास, 'तुमच्या काकाचं आणि आमच्या आबाचं काय झालं मग?' बरोबर. लग्नाची पत्रिका पोचली नाही म्हणून दोन घरं एका विहिरीवर पाणी भरेनाशी झाली, ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं.

पुढं वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. ग्रिमच्या गोष्टीत राज्यात तेरा शहाण्या बाया असतात आणि राजाकडं सोन्याची ताटं बाराच. म्हणून तेरावीला बोलावणं नाही! पेरो नावाच्या लेखकाच्या 1697 सालच्या फ्रेंच गोष्टीतही तेच. सात पऱ्यांसाठी सोन्याचे सात संच घडवलेले, आणि आठवी म्हातारी परी अचानक येऊन उभी. ताट कमी पडलं. आपल्या या झाडीपट्टीत याहून मोठं कारण लागते का कोणाला? आपण पाहिलेल्या त्या कार्टूनात, म्हणजे 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त, तर ती शिंगवाली हसत हसत विचारते, मला बोलावलं नाही वाटतं, आणि ती निळी ठेंगणी परी तोंडावर सांगते, तू नको होतीस आम्हाला. झालं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून येतं.

आणि 2014 च्या 'मॅलेफिसंट'मध्ये काय केलं? त्या बाईला आधी पंख दिले, एक मित्र दिला, मग त्यानं राजा व्हायच्या लालचेपोटी ते पंख कापून नेले. ती सकाळी उठते आणि पाठीवर पंख नाहीत, तो प्रसंग पाहताना मी दाताखाली ओठ धरला, खोटं कशाला बोलू. नटीनं काम जीव ओतून केलं. शेवटी राजकन्येला जागं करते ती राजपुत्राची नाही, त्या बाईचीच मायेची पापी, हेही मला पटलं. तरी घरी येताना वाटलं, आपल्या हातचं काही तरी गेलं. आता ती तेरावी राहिली नाही. ती आता पीडित झाली, तिच्याबद्दल वाईट वाटलंच पाहिजे. पंगतीत ताट न मिळाल्याचा अपमान, तेवढाच, एवढा मोठा असू शकतो, हे मुंबई-अमेरिकेकडच्या लोकांना कधी कळायचं? 2019 मध्ये तिचा आणखी एक भाग आला, हिंदीत ऐश्वर्या रायचा आवाज. आवाज चांगला. बाकी सोड.

जुन्या कार्टूनातल्या त्या झाडांचं नंतर शोधून काढलं, जिओ आल्यावर. आयविंड अर्ल नावाच्या चित्रकारानं त्या चित्रपटाची सगळी पार्श्वभूमी ठरवली, जुन्या मध्ययुगीन चित्रांवरून. झाडाचं एकेक पान वेगळं रंगवायचा म्हणतात. 60 लाख डॉलर खर्च आला आणि पहिल्या खेपेला तो वसूल झाला नाही, कंपनीनं माणसं कमी केली. हाताच्या शाईनं रेघा ओढून केलेला त्यांचा तो शेवटचा मोठा चित्रपट. 1961 पासून रेघ झेरॉक्सच्या यंत्रानं उमटवायला लागले. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ उंबऱ्यावर बसून होतो. फ्लेक्सचं मशीन आपल्या बाजारगावात आलं तेव्हा मीही असाच बसलो होतो, तुला माहीत आहे. दुकानांचे बोर्ड गेले, पुढाऱ्यांचे वाढदिवस गेले, राहिले ते नाटकाचे पडदे. नव्या कॉपी-सिनेमांना मी घरात फ्लेक्सच म्हणतो. तेच चित्र, ओढून मोठं केलेलं, आणि जवळ गेलं की नुसते ठिपके. 2019 च्या सिंहाच्या सिनेमात, 'लायन किंग'मध्ये, शाहरुखनं आणि त्याच्या पोरानं आवाज दिला म्हणून आमची पोट्टी नाचत होती. पण खऱ्यासारखा सिंह भुवया उडवत नाही ना रे! बाप मेला तरी पिलाचं तोंड आपलं दगडीच.

आता तू म्हणशील, पेंटर, तू कोणाला शहाणपण शिकवून राहिला? मला माहीत आहे तू काय काढणार. काढ. त्या साली आपल्या मंडळाच्या नाटकात तू थोरला भाऊ होतास आणि तिसऱ्या अंकात मेलास. बाया इतक्या रडल्या की कनातीपलीकडं आवाज गेला. मग पुढच्या मंडईला मंडळानं ठरवलं, भाग दुसरा. आणि तू नदीत वाहून जाऊन वाचलेला निघालास! मीच पडदा रंगवला होता, नदीचा. रंगात घालायचा सरसाचा डिंक कमी पडला आणि निळा रंग तुझ्या धोतराला लागला. तरी तिकिटं आदल्या वर्षीपेक्षा जास्त गेली. तेव्हा मी काही बोललो नाही, कारण पडद्याचे पैसे रोख मिळाले.

आणि पेरोच्या गोष्टीलाही भाग दुसरा होताच, हे तुला सांगायचं राहिलं. राजकन्या जागी होते, लग्न होतं, दोन मुलं होतात, आणि मग कळतं की सासू राक्षसीण आहे, तिला नातवंडं खायची आहेत! पुढच्या सांगणाऱ्यांनी तो तुकडा मुकाट्यानं कापून टाकला. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही कोणाला तरी लग्नावर थांबवत नव्हतं. जलपरीचं तर उलटंच. डेन्मार्कच्या अँडरसनच्या 1837 च्या गोष्टीत ती राजपुत्राला मारायची सुरी समुद्रात फेकते आणि स्वतः फेस होऊन जाते. मी ज्या 1989 च्या चित्रपटावर जीव टाकतो, त्यानं तिचं लग्न लावून दिलं. तिथं मी 'मूळ गोष्ट, मूळ गोष्ट' म्हणून ओरडलो नाही. बरंच झालं म्हटलं.

भाग दुसरे-तिसरे मी सगळे पाहिलेत, बाजारातून सीडी आणून. बहुतेक भंगार. सिंड्रेलाचा 2002 चा दुसरा भाग म्हणजे उरलेल्या कणकेच्या तीन चानक्या. पण 2007 चा तिसरा भाग मिळाला तर पाहा, मी हात जोडतो. सावत्र आईच्या हाती जादूची कांडी लागते, ती वेळच मागं फिरवते आणि बूट बसतो धाकट्या सावत्र बहिणीला. आणि ती बहीण, जिला आपण आयुष्यभर फक्त कुरूप म्हणून ओळखलं, ती ऐन लग्नात उभी राहून नाही म्हणते. आणि हे काही कोणी तिला विचारलं, समजावलं, पाठीमागचं दुःख दाखवलं म्हणून नाही. तिला आपलं आपण लाज वाटली. हा भाग कोणी थेटरात लावला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी घरचं सांगतो. 2023 ची नवी जलपरी आली तेव्हा मी आधीच नाक मुरडून बसलो होतो. धाकटी माझ्याजवळ ओसरीवर, मी डब्यात पिवळी माती आणि सरस घोटून राहिलो, ती मोबाइल मांडीवर ठेवून पाहून राहिली. तू तिला पाहिलंच आहेस, रंगानं माझ्या आईवर गेली. पाहुणे येतात ते आधी तेच बोलतात. मी म्हटलं, 'जुन्या सिनेमात ही गोरी होती, केस लालभडक होते, असे दोरांसारखे नव्हते.' ती मान वर न करता म्हणाली, 'मंग तुम्ही जुना पाहा ना बाबा.' थोड्या वेळानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला: 'हे पाहा, पाण्यात हिचे केस कशे उडून रायले.' माझे हात मातीनं भरलेले होते, मोबाइल धरता येईना. तसंच पाहिलं. मासे मला अजूनही मेलेले वाटतात. केसांबद्दल मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वेणी सोडून ठेवली आणि बायकोची बोलणी खाल्ली.

या साली जंगलाचा पडदा नवा करून राहिलो. मांजरपाट शिवून झाला, खडूचा हात मारून झाला. झाडं मी खांबासारखी काढली आहेत, सरळ, कापल्यासारखी. नाटकाचा मालक येऊन पाहून गेला, म्हणाला, 'पेंटर, आपल्या जंगलात अशी झाडं असतात का बे?' मी म्हटलं, रात्री दिव्यात पाहा. तो पैसे कापतो की काय, ते भाऊबीजेनंतर कळेल.

तू भाऊबीजेला येतोस ना? येताना नागपूरच्या इतवारीतून दोन किलो सरस आणि एक चार इंची पट्टा ब्रश आण, इथला केस सोडतो. वहिनींना नमस्कार. पोट्ट्यांना मंडईपर्यंत थांबव, खोदलेल्या थेटरात त्यांना मातीवर बसव, गाद्या घेऊ नको.

आणि एक आठवून ठेव. तुझ्या शेवटात ती बाई जेवायला बसते, तेव्हा तिच्या पानात आधी वरण पडतं की भात, यावरून धुऱ्यावर आपली मारामारी झाली होती. मी भात म्हणालो होतो. तू काय म्हणाला होतास ते मला काही केल्या आठवत नाही.

तुझा,
पेंटर