तीन कुप्या आणि एक चिठ्ठी

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुम्ही परत पाठवलेल्या गोगलगायींच्या तिन्ही कुप्या माझ्या टेबलावर आहेत. त्यांवर मी 'प्रजाती १', 'प्रजाती २', 'प्रजाती ३' असं लिहिलं होतं. सोबत तुमची चिठ्ठी: "यात नर किती सापडले?"

त्या तीन कुप्यांमागे माझे आठ महिने होते. एका झऱ्यातल्या गोगलगायी गुळगुळीत, दुसऱ्यातल्या जरा फुगीर, आणि तिसऱ्यातल्या शंखाच्या वेढ्यांवर बारीक काट्यांची रांग. उंची कुणाचीच ५ मिलिमीटरच्या पुढे नाही. शंख वेगळे म्हणजे प्रजाती वेगळ्या, एवढाच माझा हिशेब. आत राहणाऱ्या जिवाकडे मी बघितलंच नव्हतं. बघता आलंही नसतं, कारण मी त्या जिवंतच कडक अल्कोहोलमध्ये टाकत होतो आणि त्या आक्रसून शंखाच्या तोंडावरचं आपलं झाकण घट्ट लावून घेत होत्या.

तुम्ही फोनवर तासभर समजावलंत. पाण्यावर मेंथॉलचे खडे तरंगत ठेव, रात्रभर हलवू नकोस. सकाळी अंग बाहेर, सैल, सुईने स्पर्श केला तरी आत न जाणारं. डीएनएसाठी काही वेगळ्या काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, बाकीच्यांचा शंख सौम्य आम्लात विरघळवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली मानेवर, उजव्या शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शकाच्या, मागे बघायचं. अशा गोगलगायींच्या कुळांत नराचं इंद्रिय तिथे असतं आणि त्याचा आकार बऱ्याचदा शंखापेक्षा जास्त खरं सांगतो.

एकही नर सापडला नाही. तिन्ही कुप्यांत सगळ्या माद्या, आणि त्यांच्या पोटातल्या पिशवीत इवल्या इवल्या शंखांची पिल्लं! नराशिवाय प्रजनन करत जगभर पसरलेली न्यूझीलंडची गोगलगाय, पोटॅमोपिर्गस अँटिपोडॅरम. डीएनएनेही तेच सांगितलं. काटे असलेली आणि नसलेली, दोन्ही रूपं तिचीच. प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी तिला १८४३ मध्येच नाव दिलं होतं.

त्या दिवशी मी फार खचलो होतो. तेव्हा तुम्ही सांगितलंत की १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथ यांनी हिलाच नवी प्रजाती समजून 'जेनकिन्सी' हे नाव दिलं होतं, आणि ते नाव कितीतरी वर्षं पुस्तकांत चाललं. तुम्ही मला धीर देण्यासाठी हे सांगितलंत हे कळत होतं, पण त्यातून मला त्यापेक्षा मोठं काही मिळालं. घाईने दिलेलं नाव मागे घ्यायला पुढच्या माणसांची वर्षं जातात. माझी तीन नावं छापली गेली असती, तर ती वर्षं कुणाच्या तरी माथी मारली गेली असती. तुम्ही ते थांबवलंत, आणि माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाहीत.

वर्णन लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. 'लहानसा', 'नाजूक' हे शब्द खोडून तिथे मापं मागितलीत, तीही नुसती सरासरी नाही, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठंसुद्धा. जवळच्या प्रजातीपासून ती कशाने वेगळी, ते सुरुवातीलाच. नाव ज्या एका नमुन्याला बांधायचं, तो निवडताना टोकाचा पहिला वेढा झिजलेला शंख नको, कारण अंड्यात असताना तयार झालेल्या त्या वेढ्यावरची नक्षी पुन्हा कुठून आणणार? २००० सालापासून नव्या प्रजातीसाठी असे नमुने स्पष्टपणे नेमणं प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमानेच बंधनकारक आहे, पण तुम्ही मला नियमाआधी कारण सांगितलंत.

तुमच्या स्वतःच्या कामातून हे सगळे तास तुम्ही काढलेत. मनापासून आभार.

सोबत चौथ्या झऱ्यातली कुपी पाठवतो आहे. तिच्यावर प्रजातीचा क्रमांक नाही. झरा, तारीख, आणि खाली: नर ११, माद्या १९.

तुमचा विद्यार्थी